तात्यांचे चिंचोके

2021 च्या जूनअखेर पुणे महापालिकेच्या हद्दीत एकदम 23 गावं आली. त्यांतल्याच एका गावात कालव्याकाठी तात्यांची पाच एकर बागायत होती. पूर्वी तिथे ऊस असायचा, मग फुलं आली, मग कोबी-फ्लॉवर. आता शेतात पीक कमी आणि चौकशाच जास्त झाल्या होत्या. सकाळी तात्या चहाला बसले की फाटकाशी पांढरी गाडी थांबायची, पांढऱ्या शर्टातला कुणीतरी उतरायचा आणि विचारायचा, "मग तात्या, काय ठरलं?" माणूस रोज नवा असायचा, पण प्रश्न तोच.

तात्यांना तीन मुलं. थोरल्याचं गावातच सिमेंट-सळईचं दुकान. मधली लेक पनवेलला दिलेली, बेलापूरच्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. धाकटा हिंजवडीला कंपनीत. जमिनीचा विषय निघाल्याबरोबर थोरल्याने वकिलाकडून बहिणीचं हक्कसोडपत्र टाइप करून आणलं. फक्त सही बाकी होती. तात्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून पंचांगात ठेवलं आणि म्हणाले, "सहीचं नंतर बघू. आधी तिघांनी आपापला नकाशा करून आणा. ह्या पाच एकरात काय उभं करणार ते मला दिसलं पाहिजे. ज्याचा पटेल त्याच्या हातात कारभार. मुदत दिवाळीपर्यंत."

भाऊबीजेला तिघेही नकाशे घेऊन आले. जेवणं झाली, सतरंजी अंथरली आणि थोरल्याने पहिला कागद पसरला.

"तात्या, बंगलो प्लॉटिंग. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. रस्ते आणि दहा टक्के मोकळी जागा सोडली की दोन-दोन गुंठ्यांचे पासष्ट प्लॉट पडतात. मोठी कमान, गेटवर वॉचमन, मधे क्लब हाउस. गिऱ्हाईक सगळं चांगलं."

"चांगलं म्हणजे?"

"म्हणजे... चेक वटणारं."

नियमाचं काय, असं लेकीने विचारलं. पुण्यासारख्या शहरात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जागा विकसित करायची तर वीस टक्के वाटा लहान घरांसाठी ठेवावा लागतो आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. थोरला हसला. "एजंटाने तोड सांगितलीय. वेगवेगळ्या नावांवर एकराच्या आतले तुकडे पाडायचे. चार हजार भरूच द्यायचे नाहीत."

धाकट्याने लॅपटॉप उघडला. "दादा, प्लॉटिंग म्हणजे जमीन वाया. वर जायचं. बावीस मजल्यांचे तीन टॉवर, मजल्याला चार फ्लॅट, सगळे थ्री बीएचके. दोनशे चौसष्ट कुटुंबं बसतात आणि पोडियमवर बाग. वीस टक्क्यांची इमारत द्यायचीच असली तर मागे नाल्याच्या बाजूला देऊ, तिला वेगळं गेट ठेवू. पुढच्या लोकांना ती दिसणारसुद्धा नाही."

लेकीचा नकाशा सर्वांत साधा होता. पाचही एकरांत एका खोलीची आणि स्वयंपाकघराची घरं, एकूण हजार. "गरज ह्याचीच आहे, तात्या. बाकीच्यांना घरं मिळतातच."

तात्या काही बोलले नाहीत. आत जाऊन नातवंडांच्या खेळण्यातला चिंचोक्यांचा डबा घेऊन आले आणि थोरल्याच्या नकाशासमोर मांडी घालून बसले.

"आता मी एकेक माणूस सांगतो. तो रात्री कुठे झोपणार ते तू दाखव. हा डॉक्टर."

थोरल्याने चिंचोका कोपऱ्यावरच्या प्लॉटवर ठेवला.

"हा कंपनीतला साहेब."

तोही बसला.

"ही शाळेतली बाई. नवरा पीएमपीत कंडक्टर."

थोरल्याचा हात थांबला. दोन गुंठे जागा आणि वर बांधकाम, दोघांच्या पगाराला बँक एवढं कर्ज देणार नव्हती. चिंचोका सतरंजीवर राहिला. मग नर्स आली, रिक्षावाला आला, टँकरचा ड्रायव्हर आला, चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी आल्या. क्लब हाउस झाडणारा आला. शेवटी तात्या म्हणाले, "आणि हा तुझ्या गेटवरचा वॉचमन." सतरंजीवर चिंचोक्यांचा ढीग झाला आणि नकाशा जवळजवळ मोकळाच राहिला.

धाकट्याच्या नकाशावर जागा भरपूर होती. पण मांडायला घेतलं तेव्हा कळलं की घरं दोनशे चौसष्ट असली तरी सगळी एकाच मापाची आहेत, म्हणजे एकाच पगाराची. शिक्षिका तिथेही बसेना. पोळ्यावाल्या मावशींचा चिंचोका नाल्याकडच्या इमारतीत गेला. तात्यांनी विचारलं, "ही बाई पुढच्या टॉवरला कामाला जाणार कशी?" धाकट्याने बोट फिरवून दाखवलं. मागच्या गेटातून बाहेर, नाल्याच्या कडेने हमरस्त्यावर, तिथून वळसा घालून पुढच्या गेटात. तिच्या खिडकीतून तो टॉवर हाकेच्या अंतरावर होता.

लेक मनातल्या मनात खूश होती, कारण तिच्या नकाशावर राबणारी सगळी माणसं बसत होती. पण तात्यांनी डब्यातून मोठा चिंचोका काढला. "हा डॉक्टर. ह्याला इथे ठेव."

"डॉक्टर कशाला एका खोलीत राहील, तात्या?"

"मग दवाखाना कोण चालवणार? किराणा दुकानदाराच्या घरी सहा माणसं, तो कुठे राहील? शाळेतल्या बाईला उद्या बढती मिळाली, मुलं मोठी झाली, तर तिने ही वस्ती सोडायची? म्हणजे चार पैसे आले की इथून निघायचं. मग मागे राहील ते फक्त ज्याला निघता येत नाही तोच."

लेकीला हे झोंबलं, कारण ते तिने पाहिलेलं होतं. मुंबईत रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी हलवलेल्या झोपडपट्टीतल्या हजारो कुटुंबांना मानखुर्द-गोवंडीच्या टोकाला नेऊन ठेवलं. इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. डॉक्टर मंडळींनी तिथल्या क्षयरोगाचा संबंध त्या कोंदट खोल्यांशी जोडून दाखवला आहे. तिथे घरं दिली होती, संख्याही मोठी होती. उणं होतं ते ऊन, वारा, जवळचं काम आणि निरनिराळ्या मिळकतीचा शेजार.

"म्हणजे तिघंही नापास?" धाकट्याने विचारलं.

"अजून दोन चिंचोके राहिलेत," तात्या म्हणाले आणि थोरल्याकडे वळले. "हा आपला नातू, तुझा मुलगा. आता पंचवीस हजारांवर चिकटलाय. उद्या लग्न होईल, सून म्हणेल आपलं वेगळं घर असावं. ह्याला तुझ्या पासष्ट प्लॉटांत कुठे ठेवू?"

थोरला गप्प.

"आणि हा मी. तुमची आई गेली. मला आता चार खोल्या झाडायला होत नाहीत. जिना चढवत नाही. मला एक खोली, एक मोरी आणि खाली उतरलं की बसायला कट्टा पाहिजे. पण गाव सोडायचं नाही. मला कुठे ठेवता?"

तिन्ही नकाशांवर त्या दोन चिंचोक्यांना जागा नव्हती. लेकीच्या घरांत दोघेही मावले असते, पण मग आजोबा आणि नातू एका वस्तीत आणि बाकीचं सगळं घर दुसऱ्या वस्तीत, अशी वाटणी झाली असती.

भाऊबीज होऊन चार दिवस गेल्यावर लेक तात्यांना बेलापूरला घेऊन गेली. तिथे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलेली ही वसाहत. मोठ्या माणसाला मोठा बंगला आणि लहान माणसाला खुराडं असा हिशेब त्यांनी केला नाही. सर्वांत लहान प्लॉट सुमारे 45 चौरस मीटरचा आणि सर्वांत मोठा सुमारे 75 चा. सातेक घरांमध्ये एक छोटं अंगण, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे घर वाढवायचं, कारण भिंत कुणाशी सामाईक नाही.

तात्यांनी एक अंगण पावलांनी मोजलं. आठ-नऊ पावलांत संपलं. एक बाई स्कूटर धूत होती. तिच्या घरावर दुसरा मजला चढलेला, समोरचं घर अजून कौलारू, शेजारी तीन मजली काचेचं. तात्यांनी विचारलं, "ताई, ह्यातलं गरिबाचं घर कुठलं?" बाईने हातातला पाइप बाजूला धरून आजूबाजूला पाहिलं. "तसं काय सांगता येणार नाही हो. ज्याने त्याने आपापलं वाढवलंय."

"आता इथे घर घ्यायचं म्हटलं तर मला जमायचं नाही," परतताना लेक म्हणाली. तात्यांनी ते ऐकून ठेवलं.

मग डिसेंबरभर दर रविवारी तिघं एकत्र बसू लागली. हक्कसोडपत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. लेक आखत होती, धाकटा एक्सेलमध्ये मांडत होता, थोरला सिमेंट-सळईचे खरे भाव सांगत होता. पहिला धक्का धाकट्यालाच बसला. त्याची समजूत अशी की जास्त माणसं बसवायची म्हणजे जास्त उंच जायचं. लेकीने सात मजल्यांच्या इमारती मोकळ्या चौकांभोवती मांडल्या आणि घरं तीन मापांची केली. तीस चौरस मीटरची एकशे ऐंशी, पन्नासची एकशे चाळीस आणि नव्वदची ऐंशी. बेरीज चारशे. बावीस मजल्यांत दोनशे चौसष्ट बसत होती आणि सात मजल्यांत चारशे, तीही कमी बांधकामात. शिवाय उंच इमारतीला लागणाऱ्या लिफ्ट, पंप आणि आग विझवण्याच्या यंत्रणेचा खर्च उतरला, म्हणजे दरमहा मेंटेनन्सही उतरला. लहान घर घेणारा माणूस घराच्या किमतीपेक्षा नंतरच्या मेंटेनन्सनेच जास्त मोडतो, हे थोरल्याला गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून माहीत होतं.

"पण पैसा कमी पडतो," धाकटा म्हणाला.

तेव्हा लेकीने इंदूरच्या अरण्य वसाहतीचा दाखला दिला. बाळकृष्ण दोशींनी आखलेल्या त्या वसाहतीत साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट आहेत. सर्वांत लहान 35 चौरस मीटरचा, त्यावर जोतं, संडास आणि नळ तेवढे बांधून दिलेले. रस्त्यालगतचे मोठे प्लॉट बाजारभावाने विकले आणि त्यातून लहान प्लॉटांचा भार उचलला. "आपल्याही हमरस्त्याच्या बाजूला खाली दुकानं आणि वर मोठी घरं काढू. त्यांना बाजारभाव लावू. लहान घरं आत चौकाला लागून, पण त्याच गेटातून, त्याच जिन्याने. एकेका मजल्यावर तिन्ही मापं."

आणखी एक गोष्ट अडली. वीस टक्क्यांची घरं म्हाडाच्या सोडतीला जाणारच होती. उरलेल्या लहान घरांचं काय? थोरला म्हणाला, स्वस्तात विकून मोकळे होऊ. तात्यांनी मान हलवली. "आज स्वस्तात घेणारा पाच-सात वर्षांनी बाजारभावाने विकणार. त्याने का विकू नये? पण मग घर एकदाच स्वस्त झालं. बेलापूरला पाहिलं ना, ज्यांच्यासाठी बांधलं त्यांना आता ते परवडत नाही."

"मग भाड्याने देऊ," लेक म्हणाली. "आपल्याच नावावर ठेवू."

इथे तात्यांना त्यांचा लालबागचा मामा आठवला. गिरणीत जॉबर होता, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. भाडेकरू सुखी झाला. पण मालकाने चुनासुद्धा लावणं सोडलं. तात्या तिथे शेवटचे गेले होते तेव्हा जिना लाकडी टेकूंवर उभा होता आणि वरच्या मजल्यावर चार माणसांहून अधिकांनी एका वेळी जाऊ नये असं सगळे एकमेकांना सांगत होते. "फुकटात दिलेलं घर पडतं आणि मनमानी भाड्याचं घर रिकामं होतं," तात्या म्हणाले. "भाडं इतकं पाहिजे की दर पाच वर्षांनी रंग लागेल, आणि वाढही इतकी की माणसाला आधी माहीत असेल." नवीन भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाड्यांना दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा आहे. थोरल्याने तेच माप धरलं आणि साठ लहान घरं कुटुंबाच्या नावावर भाड्यासाठी ठेवायचं ठरलं.

धाकट्याने शेवटचा हिशेब मांडला. तीन टॉवरच्या मानाने हातात एकदम येणारा पैसा बराच कमी होता. पण दुकानांचं आणि साठ घरांचं भाडं दर महिन्याला येणार होतं, तात्यांच्या नातवंडांनाही. थोरला बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग त्याने डब्यातून एक चिंचोका उचलला आणि पहिल्या मजल्यावरच्या तीस मीटरच्या घरावर ठेवला. "हे पोराचं." दुसरा तळमजल्यावर ठेवला. "हे तुमचं. जिना नको."

कारभार कुणा एकाच्या हाती गेला नाही. तिघांच्या सह्यांनी चालायचा असं ठरलं. परवानग्यांना वेळ लागला, बांधकामाला त्याहून जास्त. मधे स्टीलचे भाव चढले आणि एक चौक लहान करावा लागला. पण इमारती उभ्या राहिल्या.

ताबा दिल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत मोठ्या फ्लॅटवाल्या काही मंडळींनी अर्ज आणला. भाडेकरू आणि सोडतीवाले जिथे जास्त आहेत त्या चौकाला भिंत घालावी, त्यांना मागून वाट द्यावी, म्हणजे प्रॉपर्टीची किंमत टिकेल. दुसऱ्या बाजूनेही तक्रार होतीच. ह्यांच्या दोन-दोन गाड्यांनी पोरांची खेळायची जागा खाल्ली होती.

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. प्लॉटिंगला कमान आणि वॉचमन मागणारा हाच माणूस. त्याने अर्ज वाचला आणि खाली ठेवला.

"भिंत कुठून जाणार ते दाखवा."

एकाने लेआउटवर पेन फिरवलं.

"ह्या बाजूला माझा मुलगा राहतो, सून राहते," थोरला म्हणाला. "त्याच्या खालच्या घरात आमचे तात्या राहतात. तुमच्या आईला काल रात्री सलाइन लावायला आली ती नर्सही त्याच चौकात राहते, म्हणून दहा मिनिटांत आली. भिंत घालायची तर मला आधी सांगा, ह्यांतल्या कुणाला वळसा घालायला लावू?"

अर्जदार जरा वेळ कुजबुजले. मग त्यांच्यातलेच एक गृहस्थ म्हणाले, "भिंतीचं राहू द्या. पण पार्किंगचं काहीतरी करा बुवा." गाड्यांना एकाच बाजूला रांग आखून दिली, दुसरी गाडी असलेल्याला जादा आकार लावला आणि चौक पोरांना परत मिळाला. दुसऱ्या गाडीवाले दोघे-तिघे अजूनही थोरल्याशी धड बोलत नाहीत. सात मजल्यांत चारशे बिऱ्हाडं म्हटल्यावर एवढं चालायचंच.

तात्पर्य : शहर वाढायला लागलं की किती मजले चढवायचे यावर वाद घालण्याआधी, इथे राबणारा माणूस इथेच झोपू शकेल का, हे विचारावं. आणि वस्तीत लहान घर ठेवणं म्हणजे दुसऱ्यावर उपकार, असं कुणी समजू नये. पहिल्या नोकरीत, म्हातारपणी किंवा वाईट दिवसांत प्रत्येक घरातल्या कुणाला ना कुणाला लहान घर लागतंच. ज्या वस्तीच्या नकाशावर ते नसतं, त्या वस्तीतून आधी पोळ्यावाल्या मावशी जातात, मग नर्स जाते आणि शेवटी आपलीच मुलं जातात.